गोड्या पाण्याचा मग

मित्रांनो, मी गळाची एक जुनी काठी आहे. तशी वयाने मी फार मोठी नाही. पण खारा वारा खाल्ला आणि माणसांची बोलणी ऐकली की आमच्यासारख्यांना लवकर म्हातारपण येतं. डब्लिनच्या पश्चिमेला ल्यूकन नावाचं उपनगर आहे. तिथे एकसारख्या घरांच्या रांगेतल्या एका घरामागे लाकडी शेड आहे आणि त्या शेडच्या भिंतीवर दोन खुंट्यांच्या आधाराने मी राहते. माझ्या शेजारी नळ आहे, नळावर एक प्लॅस्टिकचा मग उलटा टांगलेला आहे. त्या मगाची गोष्ट आज मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म कारखान्यातला. कार्बनच्या काळ्या कापडाची पट्टी पोलादी सळईभोवती घट्ट गुंडाळली, भट्टीत भाजली आणि मग सळई काढून घेतली. त्यामुळे मी आतून पोकळ, वजनाला हलकी आणि वाकायला तयार. एका कारागीर बाईने माझ्या अंगावर दोऱ्याने एकेक कडी बांधली आणि वर वार्निश चढवलं. त्या कड्यांतून दोरा सरसर जातो तेव्हा मला आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. खोटं कशाला सांगू, मी थोडी मिजासखोर आहे.

दुकानात मी बरेच दिवस उभी होते. तिथेच मला शिरीष भेटला.

शिरीष मूळचा वेंगुर्ल्याचा, शिकला पुण्यात आणि इथे सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. समुद्रकाठी वाढलेला असूनही त्याने हातात गळ कधी धरला नव्हता, कारण लहानपणी अभ्यास होता आणि नंतर ऑफिस. आता चाळिशीत त्याला बास नावाच्या चंदेरी माशाचं वेड लागलं होतं. आपल्याकडच्या जिताड्याचा हा दूरचा भाऊ म्हणा. फ्रीज घेताना पुण्यातले लोक करतात तसा त्याने महिनाभर अभ्यास केला होता. व्हिडिओ पाहून पाहून बायकोला, म्हणजे यामिनीला, जेरीला आणलं होतं. दुकानात आला तो थेट सगळ्यात जाड काठीकडे गेला.

“हेवी ड्यूटी पाहिजे,” तो म्हणाला. “एकदाच घ्यायची ती मजबूत घ्यायची.”

दुकानदार फिंटन हसला. त्याने विचारलं, मासे कुठे धरणार? शिरीष म्हणाला, डून लेरी बंदराच्या पलीकडच्या खडकांवर. फिंटनने त्या जाडीला जागेवर ठेवलं आणि मला काढून त्याच्या हातात दिलं. खडकांवर उभं राहून दिवसभर आमिषाची हलकी खोटी मासळी फेकायची तर काठीही हलकीच हवी, जाड काठीला ते वजन कळतच नाही, असं त्याचं म्हणणं होतं. शिरीषने मला हलवून पाहिलं तर माझं टोक छतावरच्या दिव्याला लागलं. दिवा वाचला आणि माझी निवड झाली.

मग रिळाची पाळी. रीळ काठीला न शोभणारं घेतलं की हात दुखतो, म्हणून फिंटनने तीन रिळं माझ्यावर बसवून दाखवली आणि बोटावर तोलून एक नक्की केलं. मोठा मासा पळायला लागला की रिळाने दोरा थोडा थोडा सोडायचा असतो, नाहीतर तो तटकन तुटतो. हे सगळं शिरीषने मन लावून ऐकलं. खोट्या माशांच्या भिंतीपाशी मात्र त्याचा तोल गेला. फिंटन सांगत होता, पांढरा मऊ एक, पाण्यावर उड्या मारणारा एक आणि उथळ पाण्यात बुडणारा एक, एवढे पुरेत. शिरीषने मोरपंखी घेतले, सोनेरी घेतले, एक तर लाल ठिपक्यांचा गुलाबी घेतला. असा मासा कुठल्याच समुद्रात नसेल. जाताना त्याने सवयीने “फायनल प्राइस काय?” असंही विचारून घेतलं. फिंटनने हसत एक पांढरा मासा फुकट टाकला.

आणि दारापाशी तो म्हणाला, “प्रत्येक वेळी घरी गेल्यावर साध्या पाण्याने धू, हलक्या हाताने. एवढं केलंस तर यू विल बी ग्रँड, काही बिघडणार नाही.”

शिरीषने मान डोलावली. पण तेव्हा तो गुलाबी माशाचा फोटो काढत होता.

त्याच आठवड्यात शिरीषची आई गिरिजाबाई तीन महिन्यांसाठी आल्या. त्यांनी घर लगेच हातात घेतलं. डबे पुसले, पडद्यांची दुमड उसवून पुन्हा शिवली, आणि जिन्याखालचं कपाट लावलं. दहा वर्षांची नात स्वरांगी त्याला इथल्या बोलीत ‘प्रेस’ म्हणायची, तसं त्याही म्हणू लागल्या. शिरीष रविवारी पहाटे मला घेऊन जायचा, लाटांनी भिजवून आणायचा, शेडमध्ये टेकवून ठेवायचा आणि झोपायचा. तो झोपला की गिरिजाबाई मागच्या दाराने येत. नळावरचा मग भरत, माझ्या रिळावर अगदी बारीक धार सोडत, कड्या एकेक करून धूत आणि जुन्या सुती साडीच्या फडक्याने टिपून काढत.

“मीठ खाता गो लोखंडाक,” त्या स्वरांगीला सांगत. “आमच्या खिडकेचे गज बघलंस मां?”

स्वरांगी तो मग धरायची. “आजी, इट्स लाइक गिव्हिंग इट अ बाथ,” म्हणायची.

मित्रांनो, एवढी माया मला कारखान्यातही मिळाली नव्हती. सप्टेंबरभर माझं रीळ लोण्यासारखं फिरत होतं आणि शिरीष मित्रांना सांगत होता की बघा, अभ्यास करून घेतलं की वस्तू अशी चालते.

मग दसरा आला. शनिवार होता, दोन घरची मंडळी जेवायला येणार होती. गिरिजाबाईंनी रीतीप्रमाणे घरातली हत्यारं मांडली. सुरी, कात्री, शिरीषचा लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि मी. सुपरमार्केटातली पिवळी शेवंती वाहिली. माझ्या मुठीवर आणि रिळावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं, वर चार अक्षता. माझी पूजा, मित्रांनो! मी फुगून गेले होते.

शिरीष वरून ऑफिसचा कॉल संपवून आला. कॉलवर काहीतरी बिनसलं असावं. त्याने रिळावरचं कुंकू पाहिलं आणि पाहुण्यांसमोर त्याचा आवाज चढला.

“आई, तुला कुणी सांगितलं होतं याला हात लावायला? आत बेअरिंग असतात गं! प्लीज, माझ्या वस्तूंना हात लावत जाऊ नकोस.”

“दसऱ्याक हत्यारांची पूजा करूक व्हयी, म्हणान...” गिरिजाबाई म्हणाल्या. फडक्याने कुंकू पुसू लागल्या, मग ते फडकंही मागे घेतलं. पाहुण्यांपैकी कुणीतरी श्रीखंडाची स्तुती केली. सगळे जेवायला बसले.

त्या दिवसापासून त्यांनी मला हात लावला नाही. फक्त मलाच नाही. टीव्हीचा रिमोट उचलायचा तर विचारत, “हात लावू काय?” किटली लावायची तर, “हात लावू काय?” स्वतः लावलेल्या त्या प्रेसचं दार उघडतानाही विचारत. आवाजात राग नसे, म्हणूनच ते ऐकवत नसे. शिरीषला दर वेळी ते टोचायचं. मला कसं कळलं म्हणाल, तर माणसाची मूठ माझ्यावर असते, मुठीतलं सगळं मला कळतं. सॉरी म्हणायचं त्याच्या मनात यायचं, आणि मग तो स्वतःला समजवायचा की आपलं तसं काही चुकलं नाही, कुंकू खरंच आत जाऊ शकतं.

पुढचे रविवार मी खारी घरी आले आणि खारीच उभी राहिले. माझ्या रिळात किरकिर सुरू झाली. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

नोव्हेंबरच्या एका सकाळी खडकांवर गळाला एक मोठा बास लागला. फिंटनने फुकट दिलेल्या खोट्या पांढऱ्या माशालाच लागला. मी मुठीपर्यंत वाकले. आयुष्यात एकदाच येतो असा मासा होता तो. त्याने खोल पाण्याकडे धाव घेतली, रिळाने दोरा सोडायला हवा होता आणि रीळ जागच्या जागी आवळून बसलं. तट्. एवढाच आवाज झाला. शिरीषने तुटका दोरा हाताने ओढून घेतला.

घरी येऊन तो यामिनीला म्हणाला, “गेलं रीळ. कुंकूच गेलंय आत, दुसरं काय! मी तेव्हाच म्हटलं होतं.”

यामिनीने डोळ्यांनी त्याला गप्प केलं. गिरिजाबाई जिन्यात उभ्या होत्या. त्या तशाच वर गेल्या.

पुढच्या शनिवारी शिरीष स्वरांगीला घेऊन फिंटनकडे आला. फिंटनने टेबलावर रीळ उघडलं. आत पांढरा, वाळलेला, खडबडीत थर होता. शिरीष वाकून वाकून लाल रंग शोधत होता. कुंकवाचा कणसुद्धा नव्हता.

“मीठ आहे,” फिंटन म्हणाला. “धूत नव्हतास का?”

“पण दसऱ्यापर्यंत... म्हणजे, आय मीन, ऑक्टोबरपर्यंत तर मस्त चालत होतं!”

स्वरांगी खोट्या माशांच्या भिंतीपाशी होती. मान न वळवता ती म्हणाली, “आजी यूज्ड टु वॉश इट, डॅड. एव्हरी संडे. यू टोल्ड हर नॉट टु टच युअर स्टफ.”

शिरीषचा हात माझ्या मुठीवर होता. तो त्याने काढून घेतला. फिंटनने दोन भाग बदलले, तेल घातलं आणि सांगितलं की चालेल, पण मिठाने जिथे खाल्लं आहे तिथे थोडी खरखर राहील. शिरीषला ते ऐकू आलं की नाही, कुणास ठाऊक.

तुम्हाला वाटेल, तो घरी जाऊन आईच्या पाया पडला असेल. छे! मोठ्या माणसांना दुसऱ्यावर ओरडायला क्षण पुरतो आणि चुकलं म्हणायला आठवडा लागतो. तो आईच्या हातची सोलकढी प्यायचा, बोलायला तोंड उघडायचा आणि म्हणायचा, “छान झालीये.” आईचं विमान पुढच्या रविवारी होतं. शेवटी यामिनीच वैतागली.

“शिरीष, सॉरी म्हणायला तुला कॅलेंडर इन्व्हाइट पाठवू का?”

शनिवारी तो आईला खडकांवर घेऊन आला. त्यांच्या अंगावर साधी पाचवारी, तिच्यावर यामिनीचं फुगीर जाकीट, पायात यामिनीचेच जुने बूट. समुद्र शांत होता. शिरीषने मला त्यांच्यापुढे धरलं.

“हात लावू काय?” गिरिजाबाईंनी विचारलं.

आणि शिरीषला रडू फुटलं. “आई, विचारू नकोस गं असं. रीळ तू नाही बिघडवलंस. मी बिघडवलं. तूच ते जपत होतीस आणि मी सगळ्यांसमोर तुला... माझं चुकलं, आई.”

“रडतंस कित्याक? तुजा सामान, म्हणान इचारलंय.” त्यांनी जाकिटाच्या बाहीने त्याचे डोळे पुसले आणि मला हातात घेतलं. पहिल्याच फेकीत गुलाबी मासा मागच्या खडकात अडकवला. दोघंही हसले. मासा एकही मिळाला नाही. घरी आल्यावर नळापाशी त्यांनी मग शिरीषच्या हातात दिला. “हळू सोड पाणी. जोरान मारलंस तर मीठ आत जाता.” त्याने हळू सोडलं. मला वाटलं, संपलं सगळं, धुतलं गेलं.

धुऊन झाल्यावर मला पुन्हा गाडीच्या डिकीत ठेवलं होतं आणि रविवारच्या घाईत मी तिथेच राहिले. विमानतळावर शिरीषने डिकी उघडली. माझ्या शेजारी गिरिजाबाईंची स्वतःची बॅग होती, वेंगुर्ल्याहून आणलेली, मुठीला लाल रिबीन बांधलेली. त्यांनी ती घ्यायला हात पुढे केला, मध्येच थांबवला आणि मुलाकडे बघून विचारलं, “हात लावू काय?”

त्यात राग नव्हता. रुसवा नव्हता. नुसती सवय झाली होती. त्यांच्या लक्षातही आलं नाही की आपण काय विचारलं. शिरीषने बॅग उचलून ट्रॉलीवर ठेवली आणि आईला मिठी मारली.

तर मित्रांनो, माझं रीळ आज चालतं. फिरवताना एका जागी मात्र बारीक खर्र होतं. नवख्याला ते ऐकू येत नाही, शिरीषला दर फेरीला येतं. आता तो मला कधीच खारी ठेवत नाही. तुम्हीही तुमच्या वस्तू जपा, आणि तुमच्यासाठी त्या गुपचूप जपणारं घरात कोण आहे, तेही एकदा उठून बघा. कुणाला टाकून बोललात तर त्याच दिवशी धुऊन काढा. उद्यावर ठेवू नका. मीठ पुष्कळदा निघतं, पण त्याने खाल्लेलं भरून येत नाही.

त्या रविवारी विमानतळावरून परतल्यावर शिरीष आत गेला नाही. त्याने मला डिकीतून काढलं, शेडपाशी आणलं आणि नळावरचा मग भरला. मी तर आदल्या दिवशीच धुतलेली, स्वच्छ होते. तरी तो कितीतरी वेळ माझ्यावर गोड्या पाण्याची बारीक धार धरून उभा होता.