सात रस्त्यावरचा टांगा

मामंजी अक्कलकोटला गेले होते, पोरगी पाळण्यात झोपली होती, आणि तेवढ्या वेळात मी त्यांचं चित्र बिघडवलं.

बिघडवायचं नव्हतं. नीट करायचं होतं.

माझे सासरे सिद्रामप्पा चादरीच्या कारखान्यात विणायच्या मोर-वेलींचा नक्षा चौकडीच्या कागदावर काढायचे. दुष्काळाच्या साली डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि काम सुटलं. तेव्हापासून उरलेल्या चौकडीच्या कागदांवर, पाठच्या बाजूला, ते पेन्सिलीनं सात रस्त्याचा चौक काढतात. टांगा, केळ्यांची गाडी, सायकलवाले. आपलीच फिकट रेघ त्यांना दिसत नाही, म्हणून हाक मारतात, "पोरी, काय दिसतंय सांग की." मी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणते, "छान झालंय, मामंजी." मान वर न करता.

काल मात्र बघितलं. एकेका माणसाला चार-चार रेघा, चाकाभोवती नुसता गुंता, घोड्याला पाय किती तेच कळेना. मला वाटलं, कच्चं राहिलंय. लग्नाआधी मीही कारखान्यात नक्षात रंग भरायची. तिथली पहिली शिकवण हीच, की जादा रेघ खोडायची, मग चौकडी भरायची. एखादी राहिली तर विणताना सगळ्या चादरींवर मोर लंगडा उतरतो. खोडरबर घेतला. हात जुन्या सवयीनं भराभर चालला, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं. पोरगी रडत उठली तेव्हा थांबले.

तिला खांद्यावर घेऊन परत बघितलं तर घोडा उभा होता. चार पाय, स्वच्छ. चाक थाळीसारखं गोल. केळीवाला मघाशी कुणाला तरी बोलावत होता, आता त्याचा हात नुसता वर होता. सगळा रस्ता मी गप्प केला होता. उजव्या कोपऱ्यातली एक बाई तेवढी वाचली, तिच्यापर्यंत मी पोचलेच नव्हते. पाच-सहा रेघांत ती कडेवर मूल घेऊन अशी निघाली होती, की पदर मागं राहिला होता.

संध्याकाळी मामंजी आले. पोरीच्या कपाळाला अंगारा लावला, मी तिला पाळण्यात टाकलं. ओट्यावर टेकून त्यांनी कागद मागितला.

"टांगा पळतोय का गं?"

पळतोय म्हटलं असतं तर त्यांना कधी कळलं नसतं. जीभ तिथवर आलीही होती.

"उभा हाय, मामंजी. मी जादा रेघा खोडल्या. नक्षातल्यासारख्या."

त्यांनी कागदावरून अंगठा फिरवला.

"भाडं मिळालं नसंल त्याला," म्हणाले आणि हसले, पण अंगठा थांबला नाही. मग हळूच विचारलं, "कोपऱ्यातली पण गेली?"

"ती हाय. पोरगी उठली म्हणून राहिली."

"मग तिचं सांग. कशी दिसती?"

मी खालच्या पायरीवर बसले. या ओट्यावर अशी बसल्याचं मला आठवत नाही. पदर कुठं उडालाय, मान कुणीकडं वळलीय, एकेक रेघ सांगत गेले.

"लई घाईत हाय," मी म्हणाले.

"व्हय. कदी थांबतच न्हाय की ती."

आत पोरगी कुरकुरायला लागली. मी लगेच उठले नाही. दोन रेघा सांगायच्या राहिल्या होत्या.