वावटळरावाची बहीण

“थांब गं. त्याला पानी पिऊ दे आदी, मग फाडू पान.”

अप्पांचा हा आवाज शिवलीलेच्या कानात पस्तीस वर्षं मुक्कामाला होता. कर्नाटकच्या सीमेलगतच्या मैंदर्गीचा आठवडी बाजार, ताडपत्रीची हातभर सावली, लाल मिरचीचे ढीग, येणाऱ्याजाणाऱ्याच्या शिंका. पुड्या बांधायला अप्पा रद्दी विकत आणायचे आणि त्या रद्दीत कधीमधी ‘वावटळराव’ निघायचा. पाठीवर घोंगडी उडवत वावटळीवर बसून येणारा, गांजलेल्यांच्या हाकेला धावणारा गडी. पानभर चित्रं आणि ढगाएवढ्या फुग्यांत लिहिलेलं बोलणं. गिऱ्हाईक पावशेर मिरचीसाठी खोळंबलेलं असायचं, तरी अप्पा आधी सहा वर्षांच्या शिवूला ते पान वाचून दाखवायचे, मगच फाडून पुडी बांधायचे.

“ईरप्पा, मिरची देतो का कीर्तन करतो रं?” गिऱ्हाईक वैतागायचं.

अशी ती गोष्ट पानापानानं लोकांच्या पिशव्यांतून गावोगाव निघून जायची. शिवूला अक्षरं जुळवता यायला लागली तोवर रद्दीत वावटळराव यायचा बंद झाला होता. तिच्याकडे उरली ती अप्पांच्या तोंडची गोष्ट. आणि त्या गोष्टीतली तिची सगळ्यात लाडकी, दोन वेण्यांची, परकर-पोलक्यातली, हातात तांब्या घेतलेली वावटळरावाची बहीण. भाऊ मोहिमेवर निघाला की वाटेत ही दारात पाणी घेऊन उभी. तो पाणी प्यायचा आणि तिथंच आडवा व्हायचा.

“असा का झोपला हो?” शिवू विचारायची.

“दमलेला गडी. भैनीच्या घरी झोप लागनारच की.” आणि मग अप्पा मिरचीचे हात झटकत ओवी म्हणायचे:

*वावटळ्या माझा भाऊ, धूळ आभाळी चढली*
*घोटभर पाण्यासाठी, त्याची वावटळ अडली*

तीच शिवलीला आज चाळिशी ओलांडून, औषधाच्या दुकानातून एक दिवसाची रजा काढून, खणाचं पोलकं घालून, दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधून होटगी रोडच्या मैदानावर उभी होती. सोलापुरात पहिल्यांदाच एवढा मोठा कॉमिक्स मेळा भरला होता. पुण्याहून, हैदराबादहून, पार नागपूरहून माणसं आली होती. कुणी घोंगडी पांघरून, कुणी राक्षसाचे दात लावून. मेळ्यात वेशभूषेची स्पर्धा होती आणि तिचं बक्षीस ऐकल्यापासून शिवलीलेला जेवण गोड लागत नव्हतं. वावटळरावाचा शेवटचा, कधीच न निघालेला अंक आता निघणार होता, आणि जिंकणाऱ्याचा चेहरा म्हातारे चित्रकार स्वतः त्या अंकात काढणार होते. तिच्या मनात एकच होतं. बहीण म्हणून आपण त्या दारात उभं राहायचं. एकदाच. कायमचं.

अप्पांना तिनं ओढूनच आणलं होतं. महिनाभर त्यांची कारणं चाललेली. मिरच्या वाळत घालायच्यात, गुडघा दुखतोय, एवढ्या गर्दीत माझं काय काम.

“तुमच्यामुळंच तर मला याचं वेड लागलं, अप्पा. तुमी नको तर कोण?”

सकाळी नऊपासून रांग. मनगटाला पट्टी बांधणाऱ्या पोरानं तिचं नाव ‘शिवलाल’ टाकलं, ते दुरुस्त करायला दुसरी रांग. तिथून दारावर आली तर गणवेशातला माणूस तांब्यालाच आडवा.

“धातूचं भांडं आत जाणार नाही, ताई.”

“समोरचा तलवार घेऊन गेला की!”

“ती थर्माकोलची आहे.”

“मग हे काय तोफ आहे का? पाणी प्यायचा तांब्या आहे, दादा.”

पाऊण तास हुज्जत घातल्यावर तांब्या सुटला, पण पाणी ओतून द्यायला लावलं. ऊन डोक्यावर आलेलं. अप्पा कापडी पिशवी छातीशी धरून दर पाच मिनिटांनी म्हणत होते, “जाऊ या का आता?” नळ कुठं आहे ते त्यांनी तीन जणांना विचारलं.

“समोर बोर्ड लावलाय की एवढा मोठा!” शिवलीला करवादली.

“चष्मा इसरलो गं.”

“चष्मा डोक्यावर आहे तुमच्या.”

अप्पा डोकं चाचपत नळाकडे गेले.

आत तर वेगळाच वैताग. तिला बघून माणसं थबकत होती, हसत होती, फोटो मागत होती. पहिल्यांदा तिला भरून आलं. ओळखलं आपल्याला! मग घोंगडी पांघरलेला एक ढेरपोट्या गृहस्थ समोर येऊन नाटकीपणानं गळा धरत म्हणाला, “नको, नको! मी नाही पिणार!” त्याची बायको खिदळली. पुढं दोन कॉलेजच्या मुली ओरडल्या, “मॅडम, कसला डेंजर लुक आहे! आमच्या सरांना पाजा की एक घोट!” शिवलीलेला काही कळेना. सोलापूरकरांना चेष्टेला निमित्त लागत नाही हे तिला ठाऊक होतं. तरी पाचव्या-सहाव्या माणसानं गळा धरल्यावर तिचं हसू ओठांवरच वाळून गेलं.

नावनोंदणीच्या टेबलाशी ती पोचली तेव्हा दोन वाजायला वीस मिनिटं होती. दोनला यादी बंद. टेबलामागच्या मुलीच्या गळ्यातल्या कार्डावर ‘चंद्रिका’ लिहिलं होतं. तिनं अर्ज वाचला, वर बघितलं, पुन्हा वाचला.

“ताई, वेश एकदम झकास. पण हे पात्र काय लिहिलंय? ‘वावटळरावाची बहीण’?”

“मग काय लिहू?”

“रत्नमाला लिहा की. विषकन्या रत्नमाला. तुम्ही तीच आहात ना?”

“कोण विषकन्या?” शिवलीलेचा आवाज चढला. “ही त्याची बहीण आहे. पाणी देते ती त्याला.”

“पाणी नाही हो, विष! म्हणून तर तो धाडकन पडतो. वावटळरावाला बहीणच नाही.”

मागची रांग हसली. शिवलीलेचे कान तापले. आता उमगलं, दिवसभर माणसं गळा का धरत होती.

“एक काम करा,” चंद्रिका समजुतीनं म्हणाली. “रत्नमाला म्हणून नाव बदला. खरं सांगते, दुसरं कोणी तुमच्या जवळपास पण नाही. बक्षीस तुमचंच.”

“विष घालणारी म्हणून? त्या अंकात जन्मभर विष घालत उभी राहू मी?”

“मग मला एक पान दाखवा, जिथं तिला बहीण म्हटलंय. लगेच तसं लिहिते.”

टेबलावर नव्या छपाईचं जाडजूड पुस्तक होतं. शिवलीलेनं अधाशासारखी पानं उलटली. तीच मुलगी, तोच दरवाजा, तोच तांब्या. फुग्यात लिहिलं होतं: ‘पी, वावटळराव! हा तुझा अखेरचा घोट!’ दुसऱ्या पानावरही तसंच. तिसऱ्यावर ती मुलगी तांब्याआड हसत होती.

“हे बदललंय,” ती म्हणाली. “नव्या छपाईत बदललंय यांनी. जुन्यात बहीणच होती.”

शेजारच्या टेबलावर पुण्याचे मल्हार म्हणून एक संग्राहक बसले होते. काचेच्या पेटीत त्यांनी मूळचे अंक मांडले होते. ते चिडले.

“बाई, एक काना-मात्रा बदललेला नाही. माझ्याकडं सगळे मूळ अंक आहेत. हा घ्या, बघा. हात कोरडे आहेत ना?”

पिवळं पडलेलं ते पान बघून शिवलीलेच्या नाकात मिरचीचा ठसका उठल्यासारखं झालं. हाच कागद. हेच चित्र. आणि फुग्यात तोच अखेरचा घोट.

“ताई, दहा मिनिटं राहिली,” चंद्रिका म्हणाली. “मागं रांग आहे हो.”

“रत्नमाला लिहा आणि मोकळ्या व्हा की!” मागून कोणीतरी ओरडलं. “सख्खी विषकन्या दिसताय!”

शिवलीलेच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. इतकी वर्षं जपलेली गोष्ट परक्या माणसांनी भर बाजारात खोटी ठरवावी! ती वळली. अप्पा खांबाला टेकून उभे होते. तिनं त्यांचा हात धरून त्यांना टेबलापाशी आणलं.

“यांना विचारा. यांनी प्रत्येक अंक वाचलाय, एकूण एक पान. सांगा अप्पा यांना! ती बहीण होती का नव्हती?”

मल्हारांनी अंक पुढं सरकवला. “दाखवा आजोबा. कुठं लिहिलंय?”

अप्पांनी दोन्ही हातांनी अंक घेतला. चष्मा डोक्यावरून खाली ओढला. फुग्याकडं त्यांनी बघितलंच नाही. मिरचीनं कायमचं लाल झालेलं त्यांचं बोट चित्रातल्या मुलीवर, तिच्या वेण्यांवरून, तांब्यावर आलं आणि तिथंच थांबलं.

“अप्पा, वाचा की!”

“ही पोरगी लई चांगली हाय,” अप्पा मल्हारांना म्हणाले.

“लिहिलंय काय ते वाचा, आजोबा.”

अप्पांचं बोट फुग्याच्या कडेपर्यंत गेलं आणि पुन्हा तांब्यावर आलं. शिवलीला त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. त्यांनी अंक अलगद काचेवर ठेवला, चष्मा काढून खिशात टाकला आणि बाकी कुणाकडं न बघता तिच्याकडं वळले.

“शिवू, मला हे अक्षर येत न्हाय. कवाच येत नव्हतं. कन्नड शाळेत चार यत्ता शिकलो, तेवढंच. तुज्या आयशीच्या माहेरी लगीन ठरवताना मराठी सातवी झालीया म्हनून सांगितलं, मग कुनालाच सांगाया तोंड ऱ्हायलं न्हाय. तू पान म्होरं धरायचीस, ‘वाचा’ म्हनायचीस. वावटळराव ह्ये नाव तेवढं रद्दीवाल्याकडनं ऐकलं हुतं, बाकी मी चित्रं बघून सांगत हुतो. पोरगी दिसली, तुज्यावानी दोन वेन्यांची. हातात पान्याचा तांब्या हुता. आता पानी देनारी वाईट आसंल, हे माज्या मनात तरी कसं यावं? म्हनून भैन म्हनलो.”