दोनशे सांगली, चाळीस शिरड

उत्तमराव अडत्यानं पाठवलेली दोनशे रिकामी पोती टेम्पोतून तांड्यावर उतरली तेव्हा सगळ्या बाया खूश झाल्या. कोरी करकरीत पोती, ताग चांगला, शिवण दुहेरी. सुनितानं वरचंच एक उलगडून जमिनीवर पसरलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. पोत्यावर हिरव्या शाईत, पंज्याएवढ्या अक्षरांत छापलं होतं: 'अस्सल सांगली हळद'.

तांडा हिंगोली जिल्ह्यात, शिरड शहापूरपासून चालत गेलं तरी अर्ध्या तासाच्या अंतरावर. सांगलीला इथून जायचं तर एसटीत बसून दिवस मोडावा लागतो. हळद इथल्या अकरा घरांनी लावलेली, इथल्या बायांनी मोठ्या लोखंडी कुकरच्या वाफेवर शिजवलेली, पंधरा दिवस उन्हात खालीवर करून वाळवलेली आणि ड्रममध्ये घोळून पॉलिश केलेली. चैत्रभर तांड्यावर कुणाचं लुगडं, कुणाचं लेकरू, कुणाची म्हैस पिवळी व्हायची राहिली नव्हती. एवढं सगळं करून हळदीनं आपलं गाव सांगायचं नाही, दुसऱ्याचं सांगायचं, हे सुनिताच्या गळ्याखाली उतरेना.

सुनिता ही प्रेमदासची बायको आणि बायांच्या गटाची अध्यक्ष. आजवर ज्यानं त्यानं आपापली हळद बाजारात नेऊन टाकायची, असाच रिवाज होता. यंदा पहिल्यांदा अकरा घरांची हळद समाजमंदिरात एका ढिगात पडली होती आणि पुण्याची एक मसाला कंपनी ती उत्तमरावामार्फत एकदम उचलणार होती. हा सौदा मोडला तर अकरा घरांचं अख्खं वर्ष त्या ढिगात अडकून पडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुनितालाही होतं. तरी तिनं फोन लावलाच.

"उत्तमराव, पोत्यावर चुकीचं नाव पडलं जणू."

"चुकीचं काहून? कंपनीनंच छापून देल्ली पोती," उत्तमराव म्हणाला. "बाई, माल तुमचा, नाव त्यायचं. तुमचं काय जाऊन राहिलं?"

काय जातं हे तिला तेव्हा फोनवर नीट सांगता आलं नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

संध्याकाळी बायांची बैठक बसली. रुख्मिणीबाई सगळ्यांत वडील आणि तोंडानं फटकळ. मागच्या वावटळीत तिच्या घरावरचे पत्रे उडून गेले होते आणि ती अजून ताडपत्रीखाली राहत होती. ती म्हणाली, "नाव काय चाटत बसायचं हाय व्हय? सांगली लिवा न्हाईतर लंडन लिवा. माल गेला पाह्यजे."

"मावशी, मी सहा हंगाम ऊस तोडला तिकडं," सुनिता म्हणाली. "त्यायची हळद बघितली. चांगली हाय, बराबर हाय. त्यायच्याशी आपलं भांडण न्हाई. पर आपली काय वंगाळ हाय? मंग आपून त्यायचं नाव काहून लावायचं?"

बायांनी ऐकून घेतलं, माना डोलावल्या आणि हात मात्र रुख्मिणीबाईच्या बाजूनं वर केले. दहा विरुद्ध एक. अध्यक्ष असली म्हणून काय झालं, गटाचं ऐकावं लागतं. सुनिता घरी आली ती भांडी आपटतच.

सासरा हरिचंद ओट्यावर बसला होता. त्यानं सगळं विचारून घेतलं. म्हातारा जन्मभर शेतकरी, पण त्याच्या आजाच्या आजानं बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूख पालथा घातलेला, आणि त्या वाटा ह्याला अजून तोंडपाठ. बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत तो जे बोलला ते मराठीत सांगायचं तर असं: कोकणातून मीठ आणलं आपण. वऱ्हाडातून कापूस नेला, खानदेशातून डाळी, घाटाखालून सुपारी आणि नारळ. कोणत्या मुलखात काय पिकतं, काय विणतात, काय घडवतात, हे शाळेतल्या मास्तरांच्या आधी आपल्या बैलांना ठाऊक होतं. पण पाठीवर जे असायचं ते दुसऱ्याचं. आपण नुसते वाहणारे. आता कुठं आपल्या रानात आपलं काही पिकलं, तर त्याच्यावरही दुसऱ्याचंच नाव घालता का?

सुनिता ताटातली भाकरी तशीच ठेवून उठली. फोनवर जे सांगता आलं नव्हतं ते म्हाताऱ्यानं सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पोती भरायला सुरुवात झाली. दोनशे पोती भरली, दाभणानं शिवली, आणि ढीग तरी उरलाच. उरलेला माल साध्या पोत्यांत भरून ठेवा, असं उत्तमरावानं कळवलं. साधी पोती भरली चाळीस. त्यांच्यावर काही छापलेलं नव्हतं आणि त्यांच्याबद्दल बैठकीत काही ठरलेलंही नव्हतं. सुनितानं तेवढंच धरलं. ती औंढ्याला गेली. तिथं देवळाजवळच्या बाजारात डबे-पेट्या करणारा एक कारागीर होता. त्याच्याकडून तिनं पत्र्यात नाव आरपार कापून घेतलं. त्यानं बजावलं की वरची रेघ सलग कापली तर अक्षरं गळून पडतील, म्हणून रेघ मधूनमधून तोडावी लागेल. त्यामुळं अक्षरं दात पडलेल्या माणसासारखी दिसत होती, पण वाचता येत होती. पत्रा पोत्यावर धरायचा आणि काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा. गटाचा हिशेब लिहिणारी मिना तिच्या मदतीला आली. दुपारपर्यंत चाळीस पोत्यांवर उमटलं: 'हळद, शिरड शहापूर, जि. हिंगोली'.

रुख्मिणीबाई येऊन बघून गेली. "तुला लई हौस," एवढंच म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी ट्रक आला. मागून उत्तमरावाची गाडी, आणि तीतून कंपनीचे खरेदीवाले साहेब उतरले. पांढरा शर्ट, डोळ्यांना काळा चष्मा, अठरा वर्षं ह्याच धंद्यात असल्याचं त्यांनी चहाच्या आधीच सांगून टाकलं. समाजमंदिरात शिरल्यावर उत्तमरावाची नजर त्या चाळीस पोत्यांवर गेली आणि त्याचा चेहरा उतरला. पण अडत्याच तो. लगेच सावरून म्हणाला, "साहेब, ती दोनशे निवडक, भारी रानातली. सांगलीच्या तोडीची. आन ही चाळीस लोकल, जरा हलकी हाय. हिचा भाव कमी लावा."

अकरा बायांनी एकमेकींकडं बघितलं. हलकी? एकाच ढिगातली, एकाच सुपानं भरलेली हळद त्या कोपऱ्यात गेली म्हणून हलकी झाली? रुख्मिणीबाईनं तोंड उघडलं, पण सुनितानं तिचा हात दाबला.

साहेबांनी दोन्हीकडची हळदीची एकेक कांडी मागवली. आधी हिरव्या अक्षरांच्या पोत्यातली मोडली, वास घेतला, बोटावर घासली. मग काळ्या अक्षरांच्या पोत्यातली मोडली. मान हलवली. "फरक आहेच," ते म्हणाले. "ही बघा, रंग कसा भरून आलाय. आणि ही फिकी. जमीनच हलकी ह्या तुमच्या रानांची, त्याला तुम्ही तरी काय करणार." मग जरा मायेनं समजावलं, "राग मानू नका बाई. प्रत्येक भागाचं एकेक असतं. नागपूरची संत्री, जळगावची केळी, नाशिकची द्राक्षं, रत्नागिरीचा आंबा, सोलापूरची चादर, कोल्हापूरचा गूळ. तसं हळद म्हटली की सांगली."

"आन हिंगोलीचं काय?" सुनितानं विचारलं.

साहेबांनी चष्मा पुसला. "हिंगोलीचं... तसं काही पटकन आठवत नाही."

माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं, आणि सुनिताला झोंबलं ते हेच. पण ती आवाज न चढवता म्हणाली, "साहेब, तुमची नजर अठरा वर्षांची. मी दोन सुपं एकात मिसळते. तुमी सांगली आन शिरड येगयेगळी करून दाखवा. तुमी दाखवली, तर ह्या चाळीस पोत्यांचा भाव तुमी म्हणाल तो."

उत्तमराव म्हणाला, "असले खेळ कशाला, साहेबांना तकलीफ." पण साहेबांना गंमत वाटली, आणि अठरा वर्षांचा अभिमानही होता. "आणा," म्हणाले.

सुनिता आणि मिना आत गेल्या. पोतं धरायला ट्रकचा ड्रायव्हर गेला. दोन सुपं भरून बाहेर आली, धोतराच्या धडप्यावर ओतली गेली आणि सुनितानं ती दोन्ही हातांनी कालवली. साहेब खाली बसले. एकेक कांडी उचलायची, उन्हात धरायची, कधी नखानं खरवडायची आणि डाव्या नाहीतर उजव्या हाताला ठेवायची. अवघड वाटली तर मोडूनही बघायची. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या पिवळ्या झाल्या. पंधरा-वीस मिनिटं गेली. शेवटी साहेब उठले, गुडघे झटकले आणि उजव्या हाताच्या मोठ्या ढिगाकडं बोट दाखवलं. "ही सांगली. आणि ती तुमची."

"नक्की?"

"अहो, नजर आहे."

"साहेब," सुनिता म्हणाली, "दोनी सुपं शिरडच्या पोत्यातली हायत. तुमच्या छापाच्या पोत्यातली एक कांडी त्यात न्हाई. इचारा तुमच्या ड्रायव्हरला, त्यानंच तोंड धरलं पोत्याचं. एवढा येळ तुमी आमच्या हळदीतून आमचीच हळद येचून राहिले, आन त्यातली चांगली तेवढी सांगलीला देऊन टाकली."

ड्रायव्हरनं दुसरीकडं तोंड करून हसू दाबलं. साहेबांनी त्याच्याकडं बघितलं, मग ढिगांकडं, मग उत्तमरावाकडं. उत्तमरावाला तेवढ्यात फोन आठवला आणि तो कानाला लावून बाजूला झाला.

"बरं, मान्य," साहेब म्हणाले. "माल एकच आहे. मग दोनशे चाळीस पोती एकाच भावानं घेतो, वरचाच भाव. फक्त ही चाळीस आमच्या पोत्यांत भरून द्या. नाव सांगलीच राहील. तिकडं दुकानात हिंगोली कुणाला माहीत आहे?"

"कशी माहीत व्हईल? तुमी कधी सांगितलंच न्हाई."

"बाई, भाव मिळतोय ना? मग हट्ट कशाला?"

सुनितानं बायांकडं बघितलं. बैठकीत हात वर झाले होते ते नावाच्या हट्टाविरुद्ध, आणि आता वरचा भाव समोर उभा होता. ती एकटी काय बोलणार?

रुख्मिणीबाई पुढं झाली. कंबरेचा दाभण काढून ती पहिल्या हिरव्या पोत्यापाशी फतकल मारून बसली आणि तिनं तोंडाची सुतळी उसवायला घेतली.

"मावशी, काय करताय?" साहेब म्हणाले.

"रिकामं करते. पोतं उलटं करते. आतून कोरं हाय." तिनं मान वर केली नाही. "हलकी म्हणले ना आमच्या जमिनीला? बसून बसून निवडली, आन निघाली आमचीच. आता नाव आमचंच लावून न्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

"आणि नाही नेली तर?"

"हळद हाय बाबा, टमाटे न्हाईत. दोन वर्सं सडत न्हाई. मी बी ताडपत्रीखाली दोन वर्सं सडत न्हाई."

गटातली देवला दुसऱ्या पोत्याला बसली. मग तिसऱ्याला मिना. एकेक करत सगळ्या बसल्या आणि समाजमंदिरात सुतळी तटतट तुटू लागली. सुनिताला रडू येईल असं वाटलं, म्हणून तिनंही एक पोतं ओढलं.

साहेब दारात उभे राहिले. ट्रक रिकामा नेला तर पुण्यात काय सांगायचं, हा त्यांच्यापुढं प्रश्न होता. त्यांनी खिशातून फोन काढला आणि पिवळ्या बोटांनी नंबर लावला.

"हां, माल बघितला. चांगला आहे... एक नंबर आहे. फक्त पोत्यावरचं नाव बदलायचं म्हणतायत... हो, त्यांचं. शिरड... नाही हो, शिर्डी नाही. शिरड."

पलीकडच्याला ऐकू जाईना. रुख्मिणीबाई दाभण चालवत म्हणाली, "जोरात सांगा साहेब, इकडं रेंज कमी हाय."

साहेबांनी एकदा तिच्याकडं बघितलं, फोन तोंडाजवळ धरला आणि अख्ख्या तांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "शिरड शहापूर. जिल्हा हिंगोली."