दताळ्यांचा तक्ता

मित्रांनो, मी सागवानी फळीचा एक जुना तक्ता आहे. माणसाला किती दिसतं, हे मोजणारा! वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हा अमरावतीत राजापेठेतल्या ओमप्रकाश पेंटरने मला रंगवलं. आधी त्याने माझ्यावर अक्षरं काढली होती. पण मी ज्यांच्या दवाखान्यात टांगलेला होतो, त्या डोळ्यांच्या डॉक्टर शेषरावांकडे मोतीबिंदूचे जे रोगी येत, त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यापुढे मी मुका! मग डॉक्टरांनी अक्षरं पुसायला लावली आणि गवत ओढायचं तीन दातांचं दताळं ओळीओळीने काढून घेतलं. कुठे दात वर, कुठे खाली, कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे. पहिल्या ओळीत वीतभर, सातव्या ओळीत हरभऱ्याएवढं. वीस फुटांवरून दातांची दिशा सांगायची. शेतकऱ्याला दताळं कोण शिकवणार? मी बोलका झालो!

ऑपरेशनआधी किती ओळी दिसल्या आणि नंतर किती, हे डॉक्टर वहीत लिहून ठेवत.

एका सकाळी बाळापूरची माणिकबाई चष्म्यासाठी आली. तिची भाजीची वाडी होती. ऑपरेशनआधी तिला माझी एकही ओळ दिसली नव्हती. ऑपरेशनला आता दीड महिना झाला होता. सोबत सून सत्यभामा होती. दोघी ओसरीवरच्या बाकावर थांबल्या. ज्याला कमी दिसे त्याला डॉक्टर चार दिवस ठेवून घेत, हे माणिकबाईला ठाऊक होतं. तिकडे वाडीत वांगी तोडायला आली होती, हे तिने आल्याआल्याच डॉक्टरांना सांगितलं होतं.

तिचा नंबर आला. जाड भिंगांचा नवा चष्मा लावून ती उभी राहिली आणि सुरूच झाली. "वरतं. खालतं. उजव्या हाताले..." तिसरी ओळ, चौथी, पाचवी, सहावीसुद्धा! मी हरखून गेलो. डॉक्टरांनी वहीत सहा लिहिलं. "जा मावशी, खुशाल वांगी तोडा!"

माणिकबाई वळली आणि दारातल्या स्टुलावर धडकली.

डॉक्टरांनी तिला पुन्हा उभं केलं. "आता ओळीने नका सांगू. मी काठी ठेवतो, तेवढंच सांगा."

काठी पाचव्या ओळीच्या मधोमध टेकली. माणिकबाईने डोळे बारीक केले. चौथीवर टेकली. तिने चष्मा वर सरकवला. दुसऱ्या ओळीवर आली तेव्हा ती हळूच म्हणाली, "खालतं."

"मग मघाशी एवढं कसं सांगितलं?"

"बाकावर बसून दुसऱ्यायचं आयकून राह्यली होती, डाक्टरसायेब. पाठ झालं." "दोनच ओळी दिसून राह्यल्या. मले घरी जाऊ द्या."

मित्रांनो, मी हादरलो. ती तशीच निघून गेली असती तर जन्मभर दोन ओळींवरच राहिली असती!

डॉक्टर रागावले नाहीत. वहीतला आकडा खोडून त्यांनी बॅटरीच्या उजेडात तिचा डोळा तपासला. डोळा अगदी स्वच्छ होता! मग दिसत का नव्हतं? तेवढ्यात बाकावरून, त्याच सकाळी चष्मा मिळालेले परतवाड्याचे नत्थुजी ओरडले, "सायेब, मलेही या चष्म्यानं धुकंच दिसून राह्यलं!"

डॉक्टरांनी दोघांचे चष्मे हातात घेतले, भिंगं न्याहाळली आणि कपाळावर हात मारला. चष्म्यांची अदलाबदल झाली होती!

चष्मे बदलले. काठी चौथ्या ओळीवर टेकली. "डाव्या हाताले!" पाचवीवर टेकली. "वरतं! अन् त्याच्या बाजूचं खालतं!" सहावी ओळ! ओसरीवरची माणसं दारात गोळा झाली. सातव्या ओळीतली दोन दताळी तिने अचूक सांगितली. तिसऱ्याला मान हलवून म्हणाली, "हे मातर नाई दिसत, सायेब." हे खरं उत्तर ऐकून डॉक्टर इतके खूश झाले की काठीच त्यांच्या हातून निसटली.

मग माणिकबाई सुनेकडे वळली. सत्यभामा लग्न होऊन घरात आली त्याआधीच सासूची नजर गेली होती. सासू तिच्याकडे बघतच राहिली.

"अवं सत्यभामा, तुह्या हनुवटीवर गोंदण हाये! मले कोणी सांगतलंच नाई वं!"

सत्यभामा हसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

पुढे छापील तक्ते आले. माझा रंग उडाला आणि मी अडगळीच्या खोलीत गेलो. त्याची तक्रार नाही, पण एक मागणं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "दिसतं ना?" असं विचारलं की ते "हो" म्हणून मोकळं होतं. तुम्ही चार पावलं लांब उभे राहा, बोटं धरा आणि विचारा, "किती?" उत्तर चुकलं तर हसू नका. त्यांचा हात धरा आणि त्यांना दवाखान्यात घेऊन जा.