तीनशे कपाळं आणि एक वस्तरा

सम्राटाचा हुकूम असा, की पुरुषानं कपाळावरचे केस भादरायचे आणि मागे वेणी ठेवायची. लांबकेशांचा हुकूम असा, की जो भादरेल त्याचं मुंडकंच उडवायचं. लांबकेशे म्हणजे स्वर्गराज्य आणायला निघालेले बंडखोर. त्या नादात त्यांनी निम्मा मुलूख ओसाड केला होता. कालव्याकाठच्या त्या गावात त्यांचा अंमल तीन वर्षं चालला, आणि तीन वर्षं पंग न्हावी पाट्यावर सोयाबीन वाटून पोट भरत होता.

मग एका सकाळी नावाडी बातमी घेऊन आला. लांबकेशे पळाले होते आणि दुपारपर्यंत सम्राटाची फौज येणार होती. कपाळावर केस दिसला की बंडखोर समजून कापतात, शेजारच्या गावात नाव विचारायलाही कोणी थांबलं नव्हतं.

पंगनं चुलीच्या देवामागे लपवलेला वस्तरा काढला. गावात पुरुषांची डोकी तीनशे, वस्तरा हा एकच. हात असा चालला, की पातं पाण्यात बुडवलं की चर्रर्र आवाज येई आणि त्या वाफेवर कोणीतरी मोमो उकडून घेतले. केसांच्या ढिगात एक कोंबडी हरवली, ती अजून सापडायची आहे. शेवटी पंगनं स्वतःचं कपाळ भादरलं आणि मान वर केली.

समोर तीनशे चेहरे उन्हानं रापलेले, आणि वर तीनशे कपाळं सोललेल्या अंड्यासारखी पांढरीफेक. आजच भादरलंय, म्हणजे कालपर्यंत हे लांबकेशांचेच होते, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

सोया सॉस करणारी ल्वान काकू दारात उभी होती. “पंग, मेल्या, अख्ख्या गावाला फासावर चढवलंस की रे!” म्हणाली आणि लगेच रांजणाचं झाकण काढलं. गोणपाटाच्या बोळ्यानं तिनं एकेक कपाळ काळ्या सॉसनं माखलं. दोन हात दिल्यावर रंग जुळला. वासाचं मात्र काही करता आलं नाही.

फौज आली. गाव धक्क्यावर रांगेत गुडघे टेकून बसलं, प्रत्येकाच्या डोक्यावर माशांचा घोंगावता थवा. टोपी घातलेला सरदार पंगपाशी थांबला, वाकला आणि त्यानं कपाळावरून बोट फिरवलं. मग ते बोट चाटून पाहिलं.

“न्हावी तूच ना?” पंगच्या कमरेच्या वस्तऱ्याकडे पाहत सरदारानं विचारलं.

“होय, साहेब.”

सरदारानं शिपायांना गलबतांवर परत धाडलं. गाव इमानी आहे, असं ओरडून सांगितलं. धक्का रिकामा झाल्यावर त्यानं पंगला विलोच्या झाडामागे नेलं आणि टोपी उचलली. चेहरा तांबूस, कपाळ मात्र दुधासारखं. गेल्या महिन्यापर्यंत हा गडी लांबकेशांच्याच सैन्यात होता, आणि बाजू बदलल्यापासून उकाड्यातही टोपी उतरवायची त्याची छाती होत नव्हती.

“किती दिवस टिकतो रे रंग?” त्यानं हळूच विचारलं.

पंगनं तीन वर्षांचा श्वास सोडला. “घामावर आहे, साहेब. बसा, दोन हात देतो.”

ल्वान काकूनं सरदाराला अख्खा रांजण बांधून दिला, वर मुळ्याचं लोणचंही दिलं.