अमशीरची दोन तारीख

शैलजा गेल्याचं मला औषधाच्या दुकानात, रांगेत उभा असताना कळलं. आमच्या मुलीचा, हिमानीचा, हॉस्पिटलमधून फोन होता. औषध न घेताच मी गाडीत येऊन बसलो. तारीख तेवढी लक्षात राहिली, नऊ फेब्रुवारी.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा घोळ झाला. नाशिकहून मेहुणी रेखा म्हणाली, माघ वद्य अष्टमी. इथले, परदेशातल्या आमच्या शुगर लँड गावच्या मंदिरातले गुरुजी म्हणाले, इथल्या पंचांगाप्रमाणे नवमी. घरात तिथ्या शैलजाच सांभाळायची. चाळीस वर्षांच्या संसारात मी कधी विचारलं नाही. हिमानी म्हणाली, नऊ फेब्रुवारीच ठेवू, सिंपल. मीही हो म्हणून टाकलं.

त्याच आठवड्यात शेजारची नादिया डबा परत द्यायला आली. ती इजिप्तची, ख्रिश्चन. अमशीरच्या दोन तारखेला चर्चमध्ये शैलजासाठी मेणबत्ती लावणार म्हणाली. शैलजा गेली तो दिवस तिने गेल्या वर्षीच तिच्या चर्चच्या कॅलेंडरात लिहून ठेवला होता. अमशीर म्हणजे काय, मी विचारलं. महिन्याचं नाव, ती म्हणाली, इजिप्तच्या जुन्या राजांच्या, फेरोंच्या काळच्या भाषेतलं.

ती भाषा फक्त दगडांवर उरली अशी माझी समजूत होती. तसं मी बोललोही. घरी आम्ही अरबी बोलतो, मुलं इंग्लिश, हे तिने मान्य केलं. पण त्यांच्या काही प्रार्थना कॉप्टिकमध्ये, म्हणजे त्याच भाषेच्या शेवटच्या रूपात असतात. तिला अर्थ निम्माच कळतो, पण दर रविवारी म्हणते. गावी तिचा भाऊ याच महिन्यांवर पेरणी करतो, बांधाला बांध असलेले मुसलमान शेतकरीही.

"ती भाषा मेली असं आम्हाला कुणी कळवलंच नाही," ती म्हणाली.

नादिया घरी गेल्यावर मी हिमानीला फोन करून सांगितलं, फेब्रुवारी नको, तिथीच धरायची. मग रेखाला लावला. "शैलजा इथे गेली. इथली नवमी धरू."

"भावोजी, ताई असताना तुम्हाला आज वार कुठला तेही माहीत नसायचं," रेखा म्हणाली. मग रडली आणि हो म्हणाली.

श्राद्ध नवमीला झालं. आता दर शनिवारी नात रुही येते. मी तिला मराठी महिने शिकवतो, आदल्या दिवशी स्वतः पाठ करून.

"आजोबा, पण हे यूज कोण करतं?"

"आपण."

चैत्र ते श्रावण झाले. भाद्रपदापासून पुढचे सात महिने राहिले आहेत.