मोज्यांतला नाच

स्क्रूचं डोकं झिजलेलं होतं. अनघा बुटाची टाच मांडीवर धरून त्यात स्क्रूड्रायव्हर बसवू पाहत होती आणि तो दरवेळी निसटून टाचेखालच्या चकचकीत पट्टीवर ओरखडा काढत होता… एमआरटी मेट्रोच्या स्टेशनबाहेर बसणाऱ्या चांभाराने तिच्या आणि नवऱ्याच्या, निशिकांतच्या, जुन्या बुटांना या लोखंडी पट्ट्या बसवून दिल्या, तेव्हा तो तिच्याकडे बघून हसला होता — नाचणार, या वयात? — निदान तिला तसं वाटलं होतं. हल्ली तिला सगळेच हसताहेत असं वाटे.

घरात हे बूट कधी वाजलेच नव्हते. खालच्या मजल्यावरचे मिस्टर टॅन एकदा, लेकीच्या, अवनीच्या, दोरीच्या उड्यांपायी, तक्रार घेऊन वर आले होते. दारात उभं राहून इतक्या नम्रपणे बोलले की अनघाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून घरात सगळे खुर्चीसुद्धा न सरकवता उचलून ठेवत. त्यामुळे मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात नाच बसवणाऱ्या क्षिप्राने या नवराबायकोला टॅप डान्स, बुटांच्या पट्ट्यांनी ताल वाजवायचा नाच, दिला, तेव्हा घरची तालीम मोज्यांत करायची हे कुणाला ठरवावंही लागलं नाही. जेवणाचं टेबल भिंतीला लावायचं, लॅपटॉपवर तो जुना काळा-पांढरा हॉलिवुडी सिनेमा सुरू करायचा, आणि दोघांनी टाचा आपटायच्या — आवाज न करता.

"यू टू लुक लाइक घोस्ट्स, लाह," सोफ्यावरून अवनी तिच्या इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली होती.

सिनेमात नायक आणि नायिका दोघंही नाचणारी, एकाच कंपनीतली, आणि सिनेमाभर भांडणारी. ती दाणकन दार लावून घेते. तो बाहेरून नुसत्या पायांनी काहीतरी विचारतो, आतून तिचे पाय उलट उत्तर देतात, मग पुन्हा तो, पुन्हा ती… आणि कधीतरी दार उघडतं. क्षिप्राला नेमकं तेच बसवायचं होतं. "तुमच्याइतकं जुळलेलं जोडपं मंडळात दुसरं कोण आहे, अनघाताई?"

आता हिला काय सांगणार? अवनीचा शाळेचा निकाल लागला की निशिकांत दूर, शहराच्या दुसऱ्या टोकाला, चोआ चू कांगला भाड्याच्या खोलीत राहायला जाणार, हे ठरलेलं होतं. भांडण नाही, तंटा नाही, तिसरं कुणी नाही. एका संध्याकाळी ती मेथी निवडत असताना तो म्हणाला, "आपण वेगळं राहून बघूया का?" आणि ती म्हणाली, "तू म्हणशील तसं." आणि पानं एकीकडे, काड्या एकीकडे करत राहिली. असं का म्हणाले मी? नको म्हणायचं होतं… जाऊ नकोस, एवढंच तर होतं. पण नको म्हटलं की आवाज चढला असता, आवाज चढला की अवनी खोलीतून बाहेर आली असती — झाकली मूठ सव्वा लाखाची, आईने शिकवलेल्यातलं तेवढं मात्र बरं डोक्यात राहिलं!

आणि मग ही तालीम. वळताना तो कमरेत हात घालायचा, त्याच्या श्वासाला आल्याच्या चहाचा वास असायचा, आणि दोघांची पावलं अशी एकदम पडायची की तिला वाटे, बघ ना, जुळतंय की, मग अडलंय कुठे? ऑफिसात दिवसभर ती त्या तासाची वाट बघायची. ज्याला जायचंय त्याच्यासाठी ही अशी वाट बघणं… तिची तिलाच लाज वाटायची.

आज दुपारी, बिशानच्या कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये, त्यांनी पहिल्यांदा बूट घातले. लाकडी जमीन होती. क्षिप्राने संगीत लावलं आणि अनघाला दोन आवाज ऐकू आले. त्याची टाच पडायची, आणि मागून, किंचित उशिरा, तिची. दरवेळी. ती त्याच्या पायांकडे बघून पाय टाकत होती — मोज्यांत हे कळायला मार्गच नव्हता, मोज्यांत सगळ्यांचंच जुळतं. पुणं सोडून परदेशात यायचं त्याने ठरवलं, बिशानचा फ्लॅट त्याने पसंत केला, वेगळं राहणंसुद्धा त्यानेच काढलं. आणि ती बघून, मागून… त्याला हे आधीपासूनच ऐकू येत होतं की काय?

क्षिप्राने संगीत थांबवलं. "सोपं आहे. ताईंच्या बुटांच्या पट्ट्या काढून टाकू. दादा वाजवतील, तुम्ही नुसते पाय हलवा. प्रेक्षकांना काय कळतंय?" आणि हॉलच्या ऑफिसातून हा स्क्रूड्रायव्हर आणून दिला.

एक स्क्रू अर्धा बाहेर आला होता. निशिकांत येऊन शेजारी उकिडवा बसला. "दे, मी काढतो," त्याने हात पुढे केला. तू म्हणशील तसं… शब्द अगदी जिभेवर आले होते.

"नको."

रिकाम्या हॉलमध्ये ते फार मोठ्याने वाजलं. क्षिप्राने मोबाइलमधून मान वर केली.

"अगं, मग तुझं उशिरा ऐकू येईल."

"येऊ दे. पट्ट्या राहतील."

तो तिच्याकडे बघत राहिला, दारात आलेल्या माणसाची ओळख पटू नये तसा. तिने स्क्रू उलटा फिरवून घट्ट करायला घेतला.  आपण नको कशाला म्हटलं — पट्ट्या काढायला, की त्याच्या चोआ चू कांगला जाण्याला — हे तिचं तिलाही नीट कळलं नव्हतं, आणि त्याला कितपत कळलं असेल… भीती वाटत होती. तिने बूट चढवला, उठून मधोमध गेली, आणि संगीताची वाट न बघता टाच आपटली. आवाज भिंतीपर्यंत जाऊन आला. मग त्याच्याकडे पाठ करून, त्याचे पाय दिसणार नाहीत अशी, ती त्याच्या पायांच्या उत्तरासाठी कान देऊन उभी राहिली.